मूठ उघडेपर्यंत

तिने मूठ वर धरली आणि गाडी थांबली. झालं एवढंच. रस्त्याच्या पलीकडे चहाचा ग्लास धरून उभ्या असलेल्या माणसाने दचकावं असं त्यात काही नव्हतं. दिवस भरलेली एक बाई नवऱ्याला गाडी मागे घ्यायला मदत करत होती. जागा अरुंद, मागे विटांचा ढीग, आणि गाडी इतकी जुनी की तिचा एक आरसा चिंधीने बांधलेला. पण बाई नुसतीच 'ये, ये' करून हात हलवत नव्हती. उजव्या हाताची बोटं आपल्याकडे वळवून ती गाडीला बोलावत होती आणि डावा तळवा त्या हाताच्या वीतभर वर पालथा, स्थिर धरून होती. म्हणजे 'हळू'. ही खूण रस्त्यावरच्या माणसांची नव्हे, क्रेनखाली उभं राहणाऱ्यांची. आणि शेवटी मूठ. कोपर अंगाला चिकटलेलं, मनगट ताठ, अंगठा बोटांवरून आडवा न घेता बाजूने सरळ उभा दाबलेला. असा अंगठा दाबायची सवय सगळ्या साइटवर एकाच माणसाला होती आणि तो रस्त्याच्या पलीकडे चहा पीत होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ही बाई त्याची बायको होती. तिचं लक्ष गेलं. ती घाबरली नाही, हसलीही नाही. मूठ खाली घ्यायची तिने घाई केली नाही, इतकंच. मग गाडीतून तिचा नवरा उतरला, एक हात क्रेनसारखा लांब करून तिच्यापुढे वाकला आणि "भार उतरवू का बाईसाहेब?" म्हणाला, तेव्हा मात्र ती पोटाला हात लावून मोठ्याने हसली. म्हणजे हा त्यांचा रोजचा खेळ होता. त्याने पंधरा वर्षं ज्या खुणांवर घर चालवलं त्या खुणा घेऊन ती गेली होती आणि तिकडे त्यांची गंमत झाली होती. चहा गार झाला. त्याने तो तसाच गटारात ओतला.

साइटवर त्याला मौनी म्हणत, मौनीबाबाचं लहान झालेलं नाव. तो मुका नव्हता. बोलायला बसला तर बरा बोलायचा, पण बोलणं त्याला हलक्या माणसांचं काम वाटायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याच्याबाबत कुणाला कधी म्हणता आलं नाही. त्याचं काम रिगरचं: क्रेनच्या हुकाला भार कसा बांधायचा ते ठरवायचं आणि मग खाली उभं राहून नुसत्या हातांनी वरच्या क्रेनवाल्याला सांगायचं, वर, खाली, डावीकडे, हळू, थांब. केबिनमध्ये बसलेल्याला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, भार कुठे टेकतोय तेही पुष्कळदा दिसत नाही. त्याला दिसतो तो खालचा हात. म्हणून या धंद्यात दोन नियम आहेत. क्रेनवाल्याने एकाच माणसाच्या हाताचं ऐकायचं, मग मालक स्वतः येऊन समोर नाचला तरी बेहत्तर. हा पहिला. दुसरा असा की 'थांब' मात्र कुणीही सांगू शकतो. मुकादम, झाडूवाली, रस्त्याने जाणारा वाटसरू, मूठ कुणाचीही असो, थांबायचं; आणि ती मूठ उघडेपर्यंत हलायचं नाही. हुकावर भार असताना क्रेनवाल्याने खाली उतरायचं तर नावच काढायचं नाही. मौनीचा जीव पहिल्या नियमात होता. दुसरा त्याला जरा सार्वजनिक नळासारखा वाटायचा.

घरीही त्याने तेच केलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत तो खेळ होता, हे खरं. तिला खुणा शिकवताना तो हसायचा, ती चुकली की तिचा अंगठा धरून जागेवर बसवायचा. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत या टोकाहून त्या टोकाला दोघं बोलायची आणि कुणाला कळायचं नाही. मग हळूहळू खेळ राहिला नाही, खुणा राहिल्या. पाणी. खिडकी. ये. पुरे. बोट जमिनीकडे करून गोल फिरवलं की तिने दिवा मालवून आडवं व्हायचं. तिने काही सांगायला सुरुवात केली आणि ते लांबतंय असं वाटलं की मूठ. ती थांबायची. तिला वाईट वाटत असेल हे त्याच्या मनात कधी आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याने तिकडे लक्ष दिलं नसतं. त्याला ती फार हुशार वाटायची, इतकं अचूक ऐकणारं माणूस त्याला साइटवरही मिळालं नव्हतं. आणि एक खूण महिन्याच्या महिन्याला व्हायची. तो भुवई उंचावायचा, ती मान हलवायची, आणि मग तो तर्जनी आकड्यासारखी वाकवून हात नुसता खाली लोंबता सोडायचा. साइटवर याचा अर्थ, हूक रिकामा आहे. वर्षानुवर्षं दर महिन्याला त्याने तिला हे दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं तेव्हा ती एकटीच जाऊन आली. ताट वाढता वाढता म्हणाली, "माझ्यात काही नाही म्हणाल्या. आता तुम्ही एकदा..." त्याने मूठ वर केली. ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली, मूठ खाली येईपर्यंत. झाकली मूठ सव्वालाखाची. ती उघडून आत काय आहे ते बघायला तो कशाला जाईल? आज सकाळी भर रस्त्यात, नऊ महिने भरून, ती उघडून ठेवलेली त्याला दिसली. रिकामा कोण होता ते आता चहावाल्यालाही कळलं असेल, असं त्याला वाटलं. चहावाल्याचं अर्थातच इकडे लक्षही नव्हतं.

क्रेनवाल्याला घरी आणलं ते त्यानेच. नवीन होता, एकटा होता, डब्याशिवाय यायचा. तोंडाचा भलता सैल. केबिनमध्ये एकटा बसून गाणी म्हणायचा आणि खाली उतरला की दिवसभराचं साचलेलं बोलून टाकायचा. पहिल्या घासालाच म्हणाला, "वहिनी, मीठ आज रजेवर आहे का?" ती हसली. विनोद काही मोठा नव्हता, पण ती हसत राहिली, पदर तोंडाशी धरूनही हसू आवरेना, आणि तो हसण्याचा आवाज आपल्या घरात कुठून आला असं वाटून मौनीने मूठ वर केली. ती थांबली. आणि क्रेनवालाही थांबला. घास तोंडाकडे नेता नेता त्याचा हात हवेत राहिला. सवयच ती. दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. मौनीने ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला त्याला वर्ष लागलं: एकाच दोराला बांधलेल्या दोन माणसांना त्या दिवशी आपल्या दोराचा पत्ता लागला होता. ती गेली तेव्हा भांडण झालं नाही. एका रात्री त्याने पडल्या पडल्या बोट जमिनीकडे करून फिरवलं आणि दिवा काही मालवला गेला नाही. तो भिंतीकडे तोंड करून, लख्ख उजेडात, बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग त्याने वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

साइटवर सगळ्यांना वाटलं, आता दोघांपैकी एक जण काम सोडणार, नाहीतर एक जण हुकाला लटकणार. पहिले काही आठवडे माणसं तमाशा बघायला मिळेल म्हणून डबे खायला क्रेनजवळ येऊन बसत. काही झालं नाही तशी कंटाळून गेली. ठेकेदाराने हात जोडून दोघांना ठेवून घेतलं होतं, कारण अशी जोडी दुसरी नव्हती. "घर मोडलं पण जोडी शाबूत," असं जाड्या म्हणायचा. जाड्या हा फिटर, अंगाने काडीसारखा, भिंतीच्या माथ्यावर मांजरासारखा फिरणारा, दोन बोटं तोंडात घालून तीन गल्ल्यांपलीकडे जाईल अशी शिट्टी घालणारा. वरचं बांधून झालं की जाड्याची शिट्टी व्हायची, आणि ती झाली की मौनी हूक सोडायची खूण करायचा. मौनीने काम का सोडलं नाही हे मात्र कुणाला कळलं नाही. ज्या माणसाने त्याची बायको नेली त्या माणसाला दिवसभर त्याच्या बोटांकडे बघत बसावं लागत होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पापणी न हलवता. कधीकधी मौनी उगाचच मूठ जरा जास्त धरायचा, भार हवेत, क्रेनवाला वर ताटकळलेला, आणि त्याच्या जिभेवर काहीतरी गोड विरघळल्यासारखं व्हायचं. क्रेनवाल्याने कधी तक्रार केली नाही. तो अजून त्याला दादा म्हणायचा. हा भोळेपणा की चांगुलपणा, हे मौनीला ठरवता आलं नव्हतं. दोन्हींचा त्याला सारखाच राग यायचा.

आज पहिली कैची चढवायची होती. ज्या लोखंडी सांगाड्यावर छप्पर उभं राहतं त्याला या लोकांत कैची म्हणतात, आणि ही शंभर फुटी होती, एवढी लांब या साइटवरच्या कुणी आजवर चढवली नव्हती. कैची उभी असली की भिंतीसारखी, कितीही भार घेईल. पण कुशीवर तिच्यात काही दम नसतो, छडीसारखी वाकते, आणि एकदा वाकली की संपली. म्हणून तिला उचलायची रीत आहे. हुकाखाली आधी एक लांब आडवा बीम टांगायचा आणि त्यावरून पट्टे सरळ खाली सोडून कैचीच्या सांध्यांना बांधायचे. पट्टे तिरपे ओढले की ती दोन्हीकडून आत दाबली जाते आणि मधेच पोटात वळते. दोन्ही टोकांना लांब दोर, ते धरून खालच्या माणसांनी तिला भरकटू द्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या कैचीला शेजार नसतो. दुसरीला पहिलीचा आधार, तिसरीला दुसरीचा, पण पहिली दोन भिंतींवर एकटी, धारेवर उभी. ती चारी बाजूंनी ताणाच्या तारांनी जमिनीला जखडेपर्यंत हूक सोडायचा नाही. दुसऱ्या एका साइटवर कुणीतरी घाईने सोडला होता आणि मग काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मौनीने पट्टे स्वतः बांधले, प्रत्येक सांधा हाताने चाचपला. क्रेनवाला जवळ येऊन उभा राहिला. "दादा," तो हळूच म्हणाला, "तिचे दिवस भरलेत. आत्ताच गेलीये दवाखान्यात. पलीकडच्या गल्लीतच. एकटीच आहे. निरोप आला तर मला तेवढं लवकर सोडा." मौनीने पापण्या मिटून उघडल्या. क्रेनवाल्याला तो होकार वाटला. तो शिडी चढून गेला आणि वरून गाण्याचा तुकडा ऐकू आला, मग इंजिनाने तो गिळला.

कैची उठली ती इतकी देखणी उठली की खालची माणसं बोलायची थांबली. मौनीचं बोट वर, दुसरा तळवा त्यावर पालथा, आणि शंभर फूट लोखंड जमिनीवरून असं निघालं की त्याच्याखालच्या गवताची काडीही मोडू नये. त्याच्या मनात सकाळची मूठ होती. तरीही हात चुकत नव्हता. हात त्याचे होते, मन कुणाचंही असो. तिने अंगठा तसाच ठेवला होता. पंधरा वर्षांतलं बाकी सगळं टाकून ती गेली, भांडी टाकली, साड्या टाकल्या, त्याच्या आईच्या वेळची शाल टाकली, आणि अंगठा घेऊन गेली. कशाला? त्याला चिडवायला? की तिला माहीतही नव्हतं? हे दुसरं जास्त लागलं. कैची वर वर जात होती. क्रेनवाला काचेला नाक लावून त्याच्या हाताकडे बघत होता. त्या पोराला (चाळिशीचा होता, पण मौनीच्या मनात तो पोरगाच) मूल होणार होतं. याच हातांकडे बघणाऱ्या माणसाला. मौनीने बोट खाली वळवलं, कैची भिंतींवर उतरली, दोन्ही टोकं आपापल्या बैठकीवर बसली, आणि त्याने मूठ धरली. जाड्या आणि त्याचा जोडीदार वरून सरकत पुढे गेले, बोल्ट भरले, तारा सोडल्या. खाली माणसांनी त्या खुंट्यांना ताणून बांधल्या. जाड्याची शिट्टी झाली. काम सरळ, नेहमीपेक्षाही लवकर झालं होतं.

आता मूठ उघडायची, हूक सैल करायचा. त्याच वेळी फाटकाकडून वॉचमन धावत येताना दिसला. पळणाऱ्या माणसाच्या चपलांवरूनच निरोप काय आहे ते मौनीला कळलं. केबिनमध्ये क्रेनवाल्यालाही कळलं असावं. तो जागेवरून अर्धा उठला आणि परत बसला. मौनीची मूठ होती तिथेच राहिली. वॉचमनने मुकादमाला सांगितलं, मुकादम पोट सांभाळत मौनीकडे आला. क्रेनवाल्याच्या बायकोला कळा सुरू झाल्यात म्हणे, अडलंय काहीतरी, नवऱ्याला बोलावलंय. बांधून झालंय ना, मग सोड की त्याला. दुसरा क्रेनवाला त्या दिवशी नेमका रजेवर. मौनीने त्या दिवसातले पहिले दोन शब्द उच्चारले, "बैठक बघायचीय." मुकादम मागे सरला. त्याच्यापुढे दुसरा कुठला शब्द असता तर त्याने वाद घातला असता, पण पहिल्या कैचीची बैठक म्हटल्यावर कोण बोलणार? उद्या काही झालं तर गळ्याशी येणार ते मुकादमाच्या.

मौनीने जाड्याला खूण केली: जवळच्या टोकाचे बोल्ट सैल कर. जाड्याने दोन्ही हात पसरून विचारलं, का? मौनीने पुन्हा तीच खूण केली. बोल्ट सैल झाले, क्रेनने टोक केसभर उचललं, टोकाखालची लोखंडी पट्टी तपासली, परत बसवलं. बैठक ठीक होती. ती ठीक असणार हे त्याला आधीच माहीत होतं. शिट्टी झाली. मग दुसरं टोक. पुन्हा शिट्टी. मग ताणाची एक तार सोडून परत ताणायला लावली. तिसऱ्या शिट्टीत जाड्याची चीड ऐकू आली. यातली एकही गोष्ट नियमाबाहेरची नव्हती. उद्या दहा साहेब येऊन बसले असते तरी त्यांनी मौनीची पाठच थोपटली असती. माणसाला नियमात बसवून छळता येतं, आणि वर सावध म्हणून नावही मिळतं, हे सुख त्याला आजवर पुरतं कळलं नव्हतं. तो तिच्याबद्दल विचार करत होता. ती आता पलीकडच्या गल्लीत दरवाज्याकडे बघत असेल. दरवाजा उघडत नसेल. बघ, त्याने मनात तिला सांगितलं, तुझा बोलका नवरा कुठे आहे बघ. माझ्या या मुठीत आहे.

दुपार कलली आणि वारा उठला. आधी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या हलल्या, मग धूळ. वारा आला की उचललेलं काम आवरतं घ्यायचं, हे मौनीने कितीतरी जणांना शिकवलं होतं. तो मूठ उघडणारही होता. पण केबिनच्या काचेमागे क्रेनवाल्याने दांड्यांवरचे हात काढले आणि त्याच्याकडे बघून जोडले. तो रडत होता की काच मळली होती, इतक्या लांबून सांगता येत नव्हतं. मौनीला ते इतकं गोड लागलं की त्याला ते आणखी एकदा हवंसं वाटलं. त्याने जाड्याकडे पाहून बोटं हवेत चाचपल्यासारखी केली: टोक उचलतो, पट्टी खाली नीट बसली का ते हाताने बघ. जाड्याने मान झटकली. तरी बोल्ट सैल केले, टोक बोटभर वर आलं, मौनीने मूठ धरली, आणि जाड्याने पट्टीवर हात घातला. त्याच वेळी वाऱ्याचा लोट आला. सैल सोडलेलं लोखंड पिळवटलं, लांबचं टोक उचललं गेलं आणि जवळचं खाली बसलं.

जाड्या ओरडला. तो आवाज इंजिनाच्या वरून सगळ्यांना ऐकू गेला. मग एकदम सगळी माणसं मौनीच्या हाताकडे बघायला लागली. 'थांब' कुणीही सांगू शकतो. 'वर' सांगणारा एकच. क्रेनवाला दोन्ही हात दांड्यांवर ठेवून पुतळ्यासारखा बसला होता. त्याला खालून कुणी ओरडून सांगत होतं, उचल, उचल म्हणून, तो तिकडे बघतही नव्हता. मौनीनेच तयार केलेलं माणूस ते. मुकादम, वॉचमन, दोर धरलेली माणसं, वरचा जोडीदार, आणि हात अडकलेला जाड्याही, मान वळवून, तोंड उघडं ठेवून, त्या एका मुठीकडे बघत होता. जन्मात त्याच्याकडे इतक्या आशेने कुणी पाहिलं नव्हतं. ती तरी कुठे बघायची असं? मूठ उघडायला हवी हे त्याला दिसत होतं. अगदी स्पष्ट, दुसऱ्या कुणाच्या तरी कामासारखं दिसत होतं. आणि त्याने ती धरून ठेवली. किती वेळ, ते मोजत कुणी नव्हतं. मग त्याने तर्जनी वर केली, डावा तळवा तिच्यावर पालथा धरला आणि कैची बोटभर, हळू, सुरेख उठली. जाड्याचा हात बाहेर आला. शिट्टीची दोन बोटं आतच राहिली.

पुढचं सगळं पटापट झालं. आता बोल्ट आवळायला, तारा ताणायला, हूक सोडायला काहीच वेळ लागला नाही. मुकादमाने मौनीच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दुसरा कुणी असता तर घाबरून भलतीच खूण केली असती आणि वरची दोन्ही माणसं कैचीसकट खाली आली असती. हा हात सोन्याने मढवला पाहिजे. माणसं मान डोलवत होती. क्रेनवाला शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरला, मौनीचे दोन्ही हात धरून "दादा, तुम्ही होतात म्हणून," एवढंच म्हणाला, आणि गाडीकडे पळाला. दवाखाना एकच, म्हणून जाड्यालाही त्याच गाडीत घातलं आणि त्याला धरायला मौनीला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि वांगं त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसलं होतं. टॉवेलात गुंडाळलेला हात जाड्याने लहान मुलासारखा छातीशी धरला होता. ओठ पांढरे पडले होते. विटांच्या ढिगाजवळून गाडी वळली तेव्हा त्याने विचारलं, "मौनीबाबा, शिट्टी मी दिली होती ना?" मौनीने होकारार्थी मान हलवली. "मग झालं," जाड्या डोळे मिटून म्हणाला. "मला वाटलं, माझंच कुठे चुकलं."

जाड्याला आत नेल्यावर मौनी बाकावर बसला. समोरच्या भिंतीचा रंग खालच्या बाजूला माणसांच्या डोक्यांनी तेलकट झाला होता. तो उठून घरी जाऊ शकला असता. पण त्याला बघायचं होतं. दवाखान्याच्या खाटेवर, थकलेली, नवऱ्याविना बाळंत झालेली ती त्याला एकदा बघायची होती, आणि ते मूलही. त्याला तिच्या डोळ्यांत आपली मूठ बघायची होती. तो जिना चढला. खोलीचं दार उघडंच होतं. मुलगी झाली होती, क्रेनवाला वर लटकलेला असतानाच. अडलेलं सुटलं होतं, दोघी ठीक होत्या. नवऱ्यावाचून तिचं काहीच अडलं नव्हतं. ती उशीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, डाव्या हातावर गाठोडं. क्रेनवाला खाटेच्या कडेला बसून दोन्ही हातांनी सगळी हकीकत सांगत होता, वारा, कैची, जाड्याचं ओरडणं. आणि दादांचा हात, तो म्हणत होता, दगड गं, दगड, जरा म्हणून हलला नाही.

"तो ओरडल्यावर मूठ किती वेळ होती?" तिने विचारलं.

क्रेनवाला म्हणाला, लगेच दाखवलं की वर. मग तो थांबला. बडबड्या होता, पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "म्हणजे... लगेच असं नाही," तो म्हणाला, आणि जे आठवत होतं ते त्याला आत्ताच पहिल्यांदा दिसलं असावं, कारण त्याचे दोन्ही हात हकिकतीच्या मध्येच हवेत राहिले. सगळ्या साइटवर हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. त्या मुठीखाली पंधरा वर्षं काढलेल्या बाईलाच तो सुचायचा. तिने दाराकडे पाहिलं. मौनी तिथे केव्हापासून उभा आहे हे तिला माहीत असल्यासारखं पाहिलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "किती वेळ धरलीत?"

उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती, ऐकू आलं नाही, वारा होता, असं पुष्कळ काही सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलं. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच त्याला बोल म्हटलं होतं, आणि तोंडात काही नव्हतं. हात मात्र आपोआप वर आला. त्याबरोबर क्रेनवाल्याची नजर सवयीने त्या हातावर गेली आणि तिथे थांबली, पुढची खूण काय येते त्याची वाट बघत. या प्रश्नाला खूण नव्हती. हात हवेत नुसता फिरला आणि तर्जनी जराशी वाकून खाली लोंबली. काय दाखवलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तिला कळलं. तो तिच्याकडे, त्या गाठोड्याकडे, एक पाऊल पुढे निघाला.

तिने मूठ वर धरली. कोपर अंगाशी, मनगट ताठ, अंगठा बाजूने सरळ. ती खूण कुणीही देऊ शकतो, आणि कुणीही दिली तरी मानायची असते. तो उंबऱ्यावर थांबला. मूठ धरणाऱ्याने ती उघडेपर्यंत भाराकडे पाठ करायची नाही, हे त्यानेच तिला कधीतरी शिकवलं होतं. तिने मूठ तशीच धरून मान भिंतीकडे वळवली आणि मुलीला पाजायला घेतलं. नर्स दोनदा त्याला बाजूला हो म्हणून गेली. क्रेनवाल्याने उठून खिडकी लावली, परत येऊन बसला, त्याच्याकडे पाहिलं नाही. मौनी उभा होता, त्या मुठीकडे बघत, ती उघडायची वाट पाहत.